क्षमा करा, पण भाल्याच्या टप्प्यात उभे राहू नका

माणूस भला आहे की घातक, याची पारख त्याच्या प्रार्थनेवरून, पाठ असलेल्या बायबलच्या वचनांवरून किंवा मंडळीतल्या (चर्चमधल्या) पदावरून करू नका. येशूने फळांवरून ओळखायला सांगितलं (मत्तय ७:१५-२०), आणि फळ धरायला वेळ लागतो. म्हणून एका भांडणावरून कुणाला घातक ठरवू नये. दोन-तीन महिने एका वहीत तारीख, बोललेले नेमके शब्द आणि पुढे काय झालं एवढंच लिहा. 'दुष्ट आहे' असे शेरे नकोत. घातक माणसं घडलेलं सरळ नाकारतात आणि मग आपलंच चुकलं असं वाटू लागतं. त्या वेळी ही नोंद कामी येते. वही त्या व्यक्तीच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.

सगळ्यात बोलकी खूण म्हणजे 'नाही' ऐकल्यावरचं वागणं. एखादं छोटं काम नाकारलं तर भला माणूस थोडा नाराज होतो, पण मान्य करतो. घातक माणूस अबोला धरतो, चारचौघांत पाणउतारा करतो किंवा 'अधीन राहा' असं सांगणारं बायबलचं वचन पुढे करतो. तुम्हाला जवळच्या माणसांपासून तोडत नेणं ही दुसरी खूण. (मारहाणीची भीती असेल तिथे मात्र नकार देऊन पारख करायला जाऊ नका.)

अंतर ठेवताना यरुशलेमचा कोट बांधणाऱ्या नहेम्याकडे पाहा. त्याचे शत्रू सनबल्लट आणि गेशेम यांनी त्याला ओनोच्या मैदानात भेटायला चार वेळा बोलावलं. त्याने चारही वेळा तेच उत्तर दिलं (नहेम्या ६:२-४). तुम्हीही एकच छोटं वाक्य ठरवा: "मला हे जमणार नाही." कारणं देऊ नका. प्रत्येक कारण खोडून काढलं जातं आणि वाद वाढतो.

कुणी आपला अपराध केला तर काय करावं, याचा मत्तय १८:१५-१७ मधला क्रम असा: आधी एकांतात बोलणं, मग एक-दोन साक्षीदार, मग मंडळी. इथे एक मोठी चूक होते. मार खाणाऱ्या बाईला किंवा अत्याचार झालेल्या मुलालाही "आधी एकटं जाऊन बोल" असं सांगितलं जातं. हे करू नका. जिथे हिंसा, लैंगिक अत्याचार किंवा धमकी आहे तिथे आधी सुरक्षित जागा, मग पोलीस आणि डॉक्टर. मुलावरचा अत्याचार मंडळीतल्या मंडळीत मिटवणं हे पाप झाकणं आहे.

क्षमा आणि विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शौल राजाने आपल्या पदरच्या दावीदाला मारणार नाही अशी शपथ घेतली (१ शमुवेल १९:६) आणि काही ओळींनंतर त्याच्यावर पुन्हा भाला फेकला. म्हणून रडणं, शपथा, "मी बदललो" यांवरून पश्चात्ताप मोजू नका. जक्कय या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली (लूक १९:८). नुकसान भरून देतो का, परिणाम न कुरकुरता सोसतो का, कुणाच्या तरी देखरेखीखाली राहतो का, हे पाहा. विश्वास परत द्यायचाच तर आधी छोट्या गोष्टीत द्या. तिथे घसरण झाली तर पुन्हा मागे या.

पुढे शौल "मी पाप केलं आहे, परत ये" म्हणाला, तेव्हा दावीद समोरच्या डोंगरमाथ्यावर उभा होता आणि दोघांमध्ये बरंच अंतर होतं (१ शमुवेल २६). झोपलेल्या शौलाला मारायची संधी त्याने सोडून दिली होती, सूड घेतला नव्हता; त्याच्या उशाचा भाला मात्र उचलून आणला होता. तरी तो भाला परत द्यायला दावीद स्वतः गेला नाही. "एखाद्या तरुणाला पाठवून ने" म्हणाला आणि आपल्या वाटेने निघून गेला. तुमच्याकडे कुणाचं सामान, कागदपत्रं किंवा पैसे द्यायचे राहिले असतील तर तेही असेच तिसऱ्या माणसाच्या हाती, दिवसाउजेडी द्या आणि पोच लिहून घ्या.