स्टाइलशीट तीच, प्रोसेसर नवा: सूचीचा क्रम बदलतो तेव्हा

एक्सएसएलटी, म्हणजे एक्सएमएल दस्तऐवजांचे रूपांतर करणारी भाषा, शिकून गोव्यात मुद्रणाच्या किंवा दस्तऐवजांच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांना एक अडचण हमखास गाठते, ती म्हणजे क्रमवारीची. स्टाइलशीटमधले, म्हणजे रूपांतराच्या नियमांच्या फाइलमधले, एक अक्षरही बदललेले नसते, माहिती तीच असते, केवळ प्रोसेसरची, म्हणजे ते नियम चालवणाऱ्या प्रोग्रामची, नवी आवृत्ती बसवलेली असते, आणि तरीही गावांची सूची वेगळ्याच क्रमाने बाहेर पडते. पणजीत अशा सूच्यांच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. नव्या सहकाऱ्यांना मी प्रथम हेच सांगतो की, नवी आवृत्ती बिघडलेली आहे असे समजून लगेच जुनीकडे परतू नये. बहुतेक वेळा जुना प्रोसेसर जो क्रम लावत होता, तो आपण स्टाइलशीटमध्ये कधी लिहून मागितलेलाच नसतो.

सर्वप्रथम आकड्यांकडे पाहावे. १९९९ च्या एक्सएसएलटी १.० मध्ये ‘सॉर्ट’ या क्रम लावणाऱ्या सूचनेला ‘डेटा-टाइप’ (मजकूर की संख्या) दिला नाही, तर तुलना मजकूर म्हणूनच होते; ‘सिलेक्ट’मध्ये, म्हणजे कशावरून क्रम लावायचा ते सांगणाऱ्या भागात, नंबर फंक्शन लिहिले असले तरी त्याचे उत्तर पुन्हा मजकुरात बदलले जाते आणि १० हा ९ च्या आधी येतो. २००७ च्या २.० मध्ये मात्र किल्लीचा, म्हणजे ज्या मूल्यावरून क्रम लागतो त्याचा, प्रकार पाहिला जातो, म्हणून तीच ओळ ९ आधी आणि १० नंतर लावते. ‘सिलेक्ट’ला एकाहून अधिक नोड (फाइलमधले घटक) सापडले, तर १.० पहिला नोड घेऊन गुपचूप पुढे जाते, २.० मध्ये, जुन्या आवृत्तीशी सुसंगत वर्तन चालू नसेल तर, तेथे त्रुटी येते. ही त्रुटी उपकारकच मानावी, कारण एका गावाला दोन नावे नोंदलेली असल्याचे तिच्यामुळेच कळते.

आपल्याकडे याहून अवघड प्रकार देवनागरी अंकांचा आहे. नंबर फंक्शनला केवळ इंग्रजी अंक समजतात. ‘१२’ असे देवनागरीत लिहिलेले असेल, तर उत्तर ‘एनएएन’, म्हणजे ‘ही संख्या नव्हे’, असे येते. सर्वच नोंदींची किल्ली अशी ठरली की सगळ्या समान मानल्या जातात आणि सूची मूळ फाइलच्या क्रमात जशीच्या तशी राहते, त्यामुळे सॉर्ट चाललेच नाही असा भास होतो. ‘सिलेक्ट’मध्येच, एका अक्षराच्या जागी दुसरे ठेवणाऱ्या ट्रान्सलेट फंक्शनने देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करून घ्यावेत आणि ‘डेटा-टाइप’ला ‘नंबर’ हे मूल्य स्पष्ट द्यावे. मग कोणत्याही आवृत्तीत क्रम तोच येतो.

खरा गुंता मजकुराच्या क्रमाचा, म्हणजे कोलेशनचा आहे, आणि त्यावर पुरेसा वेळ द्यावा लागतो. काही प्रोसेसर अक्षरांची तुलना केवळ युनिकोड क्रमांकांनी, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांनी, करतात, तर काही भाषेच्या नियमांनी. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, तर आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. त्यामुळे क्रमांकानुसार वाळपई आधी आणि वास्को नंतर, तर वर्णमालेनुसार वास्को आधी आणि वाळपई नंतर; केळशी आणि केसरवाळ यांचेही तसेच. ‘ॲ’ या एकसंध अक्षराचा क्रमांक तर ह च्याही पुढे, देवनागरी अंकांच्याही पलीकडे आहे, म्हणून ‘ॲन्थनी’ हे नाव थेट सूचीच्या तळाशी जाते. तेच नाव कोणी अ वर चंद्र देऊन दोन खुणांनी लिहिले असेल, तर ते अ मध्ये बसते. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात.

रोमन लिपीतील नावांतही गोव्यात हा प्रश्न वारंवार येतो. क्रमांकानुसार सर्व मोठी अक्षरे लहान अक्षरांच्या आधी येत असल्यामुळे लहान डी ने सुरू होणारे ‘डी सौझा’ हे आडनाव झेडने सुरू होणाऱ्या ‘झुझार्ते’च्याही मागे पडते, आणि ए वर पोर्तुगीज स्वरचिन्ह असलेले ‘आल्वारिश’ त्याहूनही मागे. जावा या प्रोग्रामिंग भाषेतील कोलेटरच्या, म्हणजे क्रम लावणाऱ्या साधनाच्या, मूळ नियमांत दोन शब्दांमधली मोकळी जागा विचारात घेतली जात नाही, त्यामुळे तेथे ‘दाभोळकर’ आधी आणि ‘दा कॉस्ता’ नंतर. क्रमांकानुसार याच्या उलट.

‘सॉर्ट’मध्ये भाषा सांगणाऱ्या ‘लँग’ला मराठीचे चिन्ह देऊन काम भागले असे समजू नये. त्या यंत्रावर मराठीचे नियमच नसतील, तर प्रोसेसर बहुधा काहीही न सांगता सर्वसाधारण नियम वापरतो. लिबएक्सएसएलटी हा प्रोसेसर तर यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमच्या लोकेलवर, म्हणजे तिच्यातील भाषा-प्रदेशाच्या नियमांवर, अवलंबून असतो. २०१८ मध्ये ग्लिबसी या लिनक्सच्या मूलभूत लायब्ररीच्या २.२८ या आवृत्तीत क्रमवारीची माहिती मोठ्या प्रमाणावर बदलली, म्हणजे प्रोसेसरला हात न लावता केवळ सर्व्हर अद्ययावत केल्यानेही क्रम हलू शकतो.

म्हणून तपासणीसाठी एक छोटी फाइल करावी. तिच्यात देवनागरी अंकांत ९ आणि १०, त्याच संख्या इंग्रजी अंकांत, वाळपई आणि वास्को, ‘ॲन्थनी’ची दोन्ही लेखने, लहान डीचे ‘डी सौझा’ एवढ्या नोंदी पुरतात. ती जुन्या आणि नव्या अशा दोन्ही प्रोसेसरांवर चालवावी आणि ‘सिस्टम-प्रॉपर्टी’ वापरून आवृत्ती व निर्माता हेही सोबत छापून घ्यावे. दिसायला सारखे शब्द दूर पडत असतील, तर २.० मधील ‘स्ट्रिंग-टू-कोडपॉइंट्स’ने त्यांचे क्रमांक पाहावेत, ‘किनाऱ्यावरील’सारख्या शब्दात र च्या पुढे न दिसणारी जोडखूण अनेकदा अशीच सापडते.

वर्णमालेचा क्रम सर्वत्र हवा असेल, तर मला सर्वांत भरवशाचा वाटणारा मार्ग असा: २.० मध्ये ‘कोलेशन’ला युनिकोड क्रमांकांचे कोलेशन स्पष्ट द्यावे आणि ‘सिलेक्ट’मध्ये ट्रान्सलेटने ळ च्या जागी अवग्रह (ऽ) ठेवावा. अवग्रहाचा क्रमांक ह च्या नंतर आणि काना, वेलांटी यांच्या आधी असल्यामुळे ळ आपोआप योग्य जागी बसतो, आणि हा बदल किल्लीपुरताच असल्याने छापील नावाला धक्का लागत नाही. ‘ॲ’ कोठे बसवायचा, हे मात्र संपादकांना विचारून, त्यांचे उत्तर स्टाइलशीटमध्येच टीप म्हणून लिहून ठेवावे.