दोन बोजे असलेले घर विकताना

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात विक्रीला निघालेल्या घरावर बँकेच्या गृहकर्जाखेरीज एखाद्या पतसंस्थेचा किंवा विकास सोसायटीचाही बोजा निघाला, की गिऱ्हाईक बहुधा पाय मागे घेते. दुसरा बोजा असल्याने विक्री अशक्य होते असे मात्र नाही. विक्रीचा पैसा कोणाकडे, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या कागदाच्या बदल्यात जाणार, हे इसार घेण्यापूर्वीच लेखी ठरलेले असले पाहिजे.

आधी बोजा नेमका कशाचा आहे ते शोधावे. घर बिगरशेती प्लॉटवर असेल तर सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना, नगर भूमापन हद्दीत असेल तर मिळकत पत्रिका आणि गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहावा. तेथे नोंद नाही म्हणजे बोजाच नाही, असे धरून चालू नये. मूळ दस्त ठेवून घेतलेल्या कर्जाची खूण पुष्कळदा दुय्यम निबंधक कार्यालयातील नोटीस ऑफ इंटिमेशनमध्ये (कर्जासाठी दस्त ठेवल्याच्या सूचनेत) किंवा तारण मालमत्तांची नोंद ठेवणाऱ्या सेरसाई या संस्थेच्या केंद्रीय नोंदवहीतच सापडते. नोंद मिळाल्यावर तिच्या फेरफाराची नक्कल काढावी, कारण बोजा कोणत्या आधारावर चढला हे तिच्यातूनच कळते.

पुढचा मार्ग या आधारावर ठरतो. मालकाने स्वतः दुसरे गहाण करून दिले असेल, तर प्रश्न केवळ फेडीचा राहतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खालील वसुली दाखल्यावरून जप्ती झाली असेल, तर संस्थेच्या पत्राबरोबर वसुली अधिकाऱ्याचा जप्ती उठवल्याचा आदेशही लागतो; भाऊबंदांसाठी जामीन राहिलेल्या माणसाला ही जप्ती अनेकदा उतारा काढल्यावरच समजते. शेतजमिनीवरील घर असेल आणि त्याच अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे सोसायटीला घोषणापत्र दिलेले असेल, तर कर्ज फिटण्यापूर्वी केलेले हस्तांतरण रद्दबातल ठरते. बँकेने सरफेसी कायद्याच्या (तारण मालमत्तेतून थेट वसुली करू देणाऱ्या कायद्याच्या) कलम १३(२) ची थकबाकी मागणीची नोटीस बजावली असल्यास तिच्या लेखी संमतीवाचून खरेदीखत करू नये.

यानंतर दोन्ही धनकोंकडून थकबाकीचे पत्र घ्यावे. त्यात ठरावीक तारखेपर्यंतची रक्कम, त्यापुढील दररोजचे व्याज आणि ही रक्कम मिळताच बोजा उतरवू अशी स्पष्ट हमी, या तिन्ही गोष्टी असाव्यात. वैयक्तिक गृहकर्ज बदलत्या व्याजदराचे असेल तर बँकेला मुदतपूर्व फेडीचे शुल्क लावता येत नाही, हे पत्र वाचताना लक्षात ठेवावे. पतसंस्थेवर किंवा सोसायटीवर अवसायक (संस्था गुंडाळण्यासाठी नेमलेला अधिकारी) असेल तर पत्रावर सही त्याचीच हवी. जुन्या अध्यक्षाची सही कितीही ओळखीची असली तरी उपयोगाची नाही.

समजा घराची किंमत ४२ लाख ठरली, बँकेचे २१ लाख आणि पतसंस्थेचे ९ लाख येणे आहे. साठेखतात लिहावे की खरेदीदार २१ लाखांचा डिमांड ड्राफ्ट थेट बँकेच्या कर्जखात्याच्या नावे व ९ लाखांचा पतसंस्थेच्या नावे देईल आणि उरलेले १२ लाख विक्रेत्याला मिळतील. इसाराची रक्कम या १२ लाखांतलीच धरावी. ‘आधी खरेदी होऊ द्या, बोजा मागाहून उतरवू’ असे मध्यस्थ सांगतात, परंतु त्या सल्ल्यात खरेदीदाराचे पैसे आणि विक्रेत्याचा शब्द दोन्ही अडकतात.

अवघड प्रसंग किंमत अपुरी पडल्यावर येतो. त्याच घरावर बँकेचे ३० लाख आणि पतसंस्थेचे १६ लाख असतील तर चार लाख कमी पडतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४८ नुसार सामान्यतः आधीच्या गहाणदाराचा (गहाण घेणाऱ्या धनकोचा) हक्क आधी असतो आणि सेरसाईत नोंद असलेल्या बँकेला सरफेसी कायद्याचे कलम २६-ई आणखी बळ देते. म्हणून तडजोडीची बोलणी दुसऱ्या धनकोशीच करावी लागतात. लिलाव झाल्यास बँकेची फेड होऊन आपल्या वाट्याला किती उरेल, याचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवला तर संचालक मंडळ एकरकमी परतफेडीला तयार होऊ शकते. मात्र ठरावात बोजा पूर्ण उतरेल, आणि उरलेली बाकी माफ झाली की वैयक्तिक कर्ज म्हणून राहिली, हे दोन्ही नमूद करून घ्यावे. गहाणदार येणे रक्कम स्वीकारतच नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ८३ खाली ती न्यायालयात भरता येते. हा रस्ता लांबचा आहे, तेव्हा वकिलाचा सल्ला घेऊनच धरावा.

रक्कम भरल्यावर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँकेने ३० दिवसांत मूळ दस्त परत करून बोजाची नोंद काढायची असते. तिच्यामुळे उशीर झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. पतसंस्थांना हा नियम लागू नाही. त्यामुळे त्यांचा ड्राफ्ट हातात देतानाच बेबाकी दाखला (काही येणे नसल्याचा दाखला), बोजा कमी करण्याचे पत्र आणि नोंदणीकृत गहाणखत असल्यास नोंदणीकृत मुक्ततेचा दस्त घ्यावा, आणि ते पत्र लगेच ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) किंवा नगर भूमापन कार्यालयात देऊन नव्या फेरफाराची पोच घ्यावी.