पुण्याहून बोनेअरला डायव्हिंगसाठी जाताना

कॅरिबियनमध्ये डायव्हिंगची सुटी आखताना बहुतेक जण बेटांचे फोटो पाहून निवड करतात. त्याऐवजी पाण्यात केव्हा उतरायचे हे तिथे आपण ठरवणार की बोटवाला, हा प्रश्न आधी विचारावा. व्हेनेझुएलाच्या उत्तरेस असलेल्या बोनेअर बेटावर ते बहुतांशी आपल्या हातात असते. इथे वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून वाहतो, त्यामुळे पश्चिम किनारा आडोशाला राहतो आणि प्रवाळाचा उतार किनाऱ्यापासून थोडे पोहून गेले की सुरू होतो. किनाऱ्यालगतच्या रस्त्याने जाताना पिवळे रंगवलेले दगड दिसतात, त्यांवर त्या त्या जागेचे नाव लिहिलेले असते. पिकअप भाड्याने घ्यावी, मागे हवेचे सिलिंडर ठेवावेत आणि दगड पाहून थांबावे, अशी इथली रीत आहे. बेट चक्रीवादळांच्या नेहमीच्या पट्ट्याच्या दक्षिणेला असल्यामुळे वर्षातील कोणताही महिना साधारणपणे चालतो.

कागदपत्रांबाबत मात्र सावध राहावे. १० ऑक्टोबर २०१० पासून बोनेअर हा नेदरलँड्सचा भाग म्हणून थेट तिथल्या सरकारच्या अखत्यारीत असला, तरी तो शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही. भारतीय पासपोर्टधारकांसाठी नेदरलँड्सचा स्वतंत्र कॅरिबियन व्हिसा असतो. आपल्याला तो लागतो का, आणि वाटेतल्या विमानतळासाठी आणखी काही लागते का, याची खातरजमा विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाच्या अधिकृत माहितीवरूनच करावी, एजंटच्या तोंडी आश्वासनावरून नव्हे. सोयीचा मार्ग मुंबईहून अ‍ॅमस्टरडॅम आणि तिथून बोनेअर असा आहे. चलन अमेरिकी डॉलर आहे. बेटावर न राहणाऱ्यांकडून प्रवेशकर घेतला जातो आणि सागरी उद्यानाचे शुल्क वेगळे द्यावे लागते, तेव्हा खर्च मांडताना दोन्ही धरावेत.

मालवणला किंवा अंदमानला प्रशिक्षकाच्या हाताला धरून केलेली डुबकी म्हणजे डायव्हिंगचा परवाना नव्हे, हे इथे स्पष्ट सांगायला हवे, कारण अनेकांचा तसा समज असतो. बोनेअरला स्वतंत्रपणे उतरायचे तर किमान ओपन वॉटर हे डायव्हिंगचे पहिल्या पायरीचे प्रमाणपत्र हवे. त्यावर १८ मीटरपर्यंत जाता येते, त्यानंतरचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स ३० मीटरपर्यंत नेतो. पोहण्याच्या तलावातला भाग पुण्यात उरकून समुद्रातले डाइव्ह कोकणात करता येतात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची डायव्हिंग संस्था आहे. पावसाळ्यात तिकडचे पाणी बंद असते, म्हणून हा कोर्स दिवाळीनंतर ते उन्हाळ्यापर्यंतच्या काळात बसवावा. चष्मा लागत असेल तर नंबरच्या काचांचा मास्क इथूनच करून न्यावा. धूसर दिसणाऱ्या प्रवाळासाठी एवढा खर्च करण्यात अर्थ नाही. दमा, कानाचे दुखणे किंवा रक्तदाब असल्यास डॉक्टरांचा लेखी सल्ला सोबत असावा आणि डायव्हिंगचा अपघात विमा घ्यावा. साध्या प्रवास विम्यात तो बहुधा नसतो.

पोहोचल्यावर लगेच मनासारखे फिरता येत नाही. उद्यानाचे नियम समजावून सांगितले जातात आणि अंगावर बांधायचे वजन व तरंगण्यावरचा ताबा तपासण्यासाठी एक डाइव्ह करून घेतला जातो. हे सागरी उद्यान १९७९ पासूनचे आहे आणि भाल्याने मासे मारण्यावर तर १९७१ पासूनच बंदी आहे. हातमोजे घालू नयेत, कारण हातमोजा असला की हात प्रवाळावर टेकतोच. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायने असलेले सनस्क्रीन तिथे चालत नाही, तेव्हा बाटलीवरची घटकांची यादी पुण्यातच वाचावी किंवा सरळ पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा सदरा, न्यावा. प्रवाळाच्या ऊती नष्ट करणारा एक रोग २०२३ मध्ये या बेटावर पोहोचला आहे, म्हणून साहित्य निर्जंतुक करण्याच्या स्थानिक सूचना कंटाळा न करता पाळाव्यात.

किनाऱ्यावरून उतरणे हे या बेटावरचे खरे कसब आहे. किनारा वाळूचा कमी आणि मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांचा जास्त असल्यामुळे जाड तळव्याचे बूट हवेतच. पाण्याच्या कडेला उभे राहून दोन-तीन लाटा जाऊ द्याव्यात, जोडीदाराचा हात धरावा, तरंगण्यासाठीच्या डायव्हिंग जॅकेटमध्ये थोडी हवा भरावी आणि पाय घासत, चाचपत कमरेएवढ्या पाण्यापर्यंत जावे. फिन्स, म्हणजे पायांत घालायचे पोहण्याचे पंख, तिथे तरंगत घालावेत. बाहेर कुठून यायचे ती खूण आत जातानाच पाहून ठेवावी. प्रवाह असेल तर जाताना त्याच्या विरुद्ध पोहावे, म्हणजे दमल्यावर तोच परत आणतो. गाडीत मौल्यवान काहीही ठेवू नये. चोरी होऊ शकते आणि फोडलेल्या काचेचा भुर्दंड वेगळा, म्हणून तिथले जुने डायव्हर गाडी रिकामी आणि उघडीच ठेवतात.

जागांपैकी ‘थाउजंड स्टेप्स’च्या नावाने घाबरू नये. पायऱ्या सत्तरच्या आसपास, म्हणजे पर्वतीपेक्षाही कमी आहेत. पाठीवर सिलिंडर घेऊन चढताना मात्र नाव खरे वाटते. ‘हिल्मा हुकर’ हे सुमारे ७२ मीटर लांबीचे मालवाहू जहाज गांजाच्या मोठ्या साठ्यासह पकडले गेले आणि सप्टेंबर १९८४ मध्ये बुडाले. ते तळाशी सुमारे ३० मीटरवर कुशीवर पडले आहे, तेव्हा तिथे अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स झालेल्यांनीच जावे. ‘सॉल्ट पिअर’ या मिठाच्या धक्क्याच्या खांबांना स्पंज आणि प्रवाळ लगडलेले आहेत, पण धक्क्याला जहाज लागलेले असेल तर तिथे उतरता येत नाही. क्लाइन बोनेअर या निर्जन बेटासाठी मात्र बोट घ्यावीच.

माझ्या मते तरीही रोज नवी जागा गाठण्यापेक्षा मुक्कामाजवळच्याच प्रवाळावर सकाळी, संध्याकाळी आणि रात्री उतरावे. दिवसा खडक कुरतडणारा पोपटमासा रात्री स्वतःभोवती चिकट द्रवाचे आवरण करून झोपलेला दिसतो, आणि माणसाएवढे टार्पन मासे आपल्या टॉर्चच्या उजेडात शिकार साधायला अगदी खांद्याजवळून जातात. अशा वेळी एखाद्या छोट्या माशावर उजेड धरून ठेवला, तर तो हमखास गिळला जातो. पौर्णिमेनंतरच्या काही रात्री, सूर्यास्तानंतर पाऊण-एक तासाने, टॉर्च बंद करून थांबल्यास ऑस्ट्राकॉड नावाच्या सूक्ष्म जीवांच्या निळ्या ठिपक्यांच्या माळा दिसतात. मुक्कामाच्या तारखा पंचांग पाहून ठरवायला हे पुरेसे कारण आहे.

शेवटचा दिवस जमिनीवरच घालवावा, कारण अनेक डाइव्ह केल्यानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात. दक्षिणेकडची मिठागरे आणि १८५० मध्ये बांधलेल्या गुलामांच्या झोपड्या पाहाव्यात. त्यांच्या दारातून वाकूनच आत शिरावे लागते. मिठागरात राबणारी ही माणसे सुटीला उत्तरेकडच्या रिंकोन गावापर्यंत कित्येक तास चालत घरी जात. गुलामगिरी १८६३ मध्ये संपली. भिगवणला फ्लेमिंगो पाहिलेल्यांनी इथले फ्लेमिंगो जरूर पाहावेत, ते रंगाने कितीतरी गडद असतात. वेळ उरल्यास उत्तरेचे वॉशिंग्टन-स्लागबाय राष्ट्रीय उद्यान आहे, पण त्यासाठी सकाळी लवकर निघावे. सामान भरताना शंख किंवा प्रवाळाचा तुकडा, किनाऱ्यावर पडलेला असला तरी, उचलून बॅगेत टाकू नये.