लेक घरी आली पण झोपेना, मग काय केलं (माझा अनुभव)

आम्ही यवतमाळकडचे, खेड्यातले. मूल दत्तक घ्यायचं म्हणून सरकारच्या केअरिंग्ज (CARINGS) या दत्तक पोर्टलवर नोंदणी केली, होम स्टडी म्हणजे घरची पाहणी झाली, मग वर्षानुवर्षं नुसतं थांबणं, अन एक दिवस एका मुलीसाठी मेसेज आला, 48 तासांत रिझर्व करा, म्हणजे होकार कळवा. ओडिशातल्या संस्थेत जाऊन लेकीला आणलं. कलेक्टरचा दत्तकाचा आदेश नंतर आला. पण पोरगी रात्रभर रडे, आमची बोलीच तिला कळेना न बाप्पा. मग संस्थेत तिला सांभाळणाऱ्या मावशीला फोन करून तिच्या आवाजातली अंगाई रेकॉर्ड करून मागवली अन तिथली जुनी चादर न धुता उशाशी ठेवली, वास ओळखीचा ना. तिसऱ्या रात्री माझं बोट धरून झोपली. भात, पाणी हे शब्द ओडियातही जवळपास तेच, जेवणाचं तिथूनच जमलं. चादर आम्ही महिनाभर धुतली नाही.