पवित्रतेचा ध्यास हवा, कर्मठपणा नको: या चुका टाळा

सकाळची प्रार्थना चुकली की अनेक ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांना दिवसभर टोचणी लागून राहते. देव नाराज असेल, आज काही धड होणार नाही, असं वाटत राहतं. मग रात्री डोळे मिटत असताना बायबलचे दोन अध्याय कसेबसे उरकले जातात आणि हायसं वाटतं. ते हायसं वाटणं जरा तपासून पाहा. प्रभूशी बोलणं झालं म्हणून बरं वाटलं, की हजेरी लागली म्हणून? कर्मठपणा शिरतो तो असा, चांगल्या सवयीच्या आडून.

यावर नियम सोडून मोकळं होणं हा उपाय नव्हे. पवित्रीकरणावाचून कोणालाही प्रभूला पाहता येणार नाही, असं बायबलमधलं इब्री 12:14 स्पष्ट सांगतं. पवित्रतेचा पाठलाग करायचाच आहे. प्रश्न एवढाच की तो कोणत्या पायावर उभं राहून करायचा.

क्रम उलटा करू नका

निम्मा गोंधळ इथेच होतो. आधी मी शुद्ध होईन, मग देव मला जवळ करील, असं आपण मनात धरून चालतो. निर्गम या पुस्तकाचा 20वा अध्याय पुन्हा वाचा. पहिली आज्ञा देण्याआधी परमेश्वर आठवण करून देतो की मीच तुला मिसरातल्या दास्यातून बाहेर काढलं. सुटका आधी, आज्ञा नंतर. इस्राएल लोक आज्ञा पाळत होते म्हणून समुद्र दुभंगला नव्हता. रोमकरांस पत्रातही प्रेषित पौल अकरा अध्याय देवाने काय केलं ते सांगतो आणि बाराव्यात म्हणतो, म्हणून आता आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा.

धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर 1505 साली एरफुर्टच्या मठात दाखल झाले. उपास, जागरणं, लांबच लांब पापकबुली, सगळं केलं. मनाला शांती मिळाली नाही. देव पाप्याला विश्वासाने नीतिमान ठरवतो हे रोमकरांस पत्रातून उमगलं, तेव्हा ते ओझं उतरलं. पण विश्वासणाऱ्यांना नियमशास्त्र, म्हणजे देवाच्या आज्ञा, सांगायची गरजच नाही असं त्यांचेच सहकारी योहान आग्रिकोला शिकवू लागले, तेव्हा 1537 पासून त्यांना ठामपणे विरोध केला तोही ल्यूथर यांनीच. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

स्वतःचा नियम दुसऱ्यावर लादू नका

रात्री मोबाइल हाती आला की पाय घसरतो, म्हणून एखादा तो दुसऱ्या खोलीत ठेवतो. हे शहाणपण आहे. पण मोबाइल उशाशी ठेवणारा भाऊ त्याला कमी आत्मिक वाटू लागला, की त्या नियमाची आज्ञा झाली. ‘शिवू नको, चाखू नको’ अशा माणसांच्या नियमांना शहाणपणाचं रूप असतं, पण देहवासना आवरायला त्यांचा उपयोग होत नाही, असं पौल कलस्सैकरांना लिहितो. खाणंपिणं आणि सणवार यांबाबत रोम 14 मोकळीक देतं. मात्र खोटं बोलणं किंवा व्यभिचार यांना त्या मोकळिकीत बसवू नका. तिथे देवाची आज्ञा उघड आहे.

सोपं तेवढंच मोजू नका

उपास मोजता येतात, अध्याय मोजता येतात. घरच्यांशी कसं बोललो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे यहूदी, पुदिना, शेप आणि जिऱ्याचाही दशमांश देत, आणि न्याय, दया, विश्वास बाजूला ठेवत. प्रभू येशू म्हणाला, न्याय, दया, विश्वास हे पाळायचं होतं आणि दशमांशही सोडायचा नव्हता.

पाप झाल्यावर तोंड लपवू नका

खरी परीक्षा इथे होते. “आठवडाभर नीट वागतो, मग प्रार्थनेला बसतो,” असं मनात आलं तर समजा की ख्रिस्ताच्या रक्तात आपण स्वतःच्या चांगल्या दिवसांची भर घालायला निघालो आहोत. येशूच्या दाखल्यातला, मंदिरात दूर उभा राहून ऊर बडवणारा जकातदार त्याच दिवशी नीतिमान ठरून घरी गेला. तेव्हा लगेच या. मोघम ‘मी पापी आहे’ म्हणण्यापेक्षा काय केलं ते नाव घेऊन कबूल करा; पाप कबूल केलं तर देव क्षमा करतो, हे 1 योहान 1:9 मधलं वचन धरा. कोणाचं नुकसान झालं असेल तर फसवून घेतलेलं चौपट परत देऊ म्हणणाऱ्या जक्कयासारखी भरपाई करा.

कृपेचा आडोसा घेऊ नका

कर्मठपणाला कंटाळलेला माणूस पुष्कळदा दुसऱ्या टोकाला जातो: “कृपा आहे ना, मग एवढं काय?” कृपा वाढावी म्हणून पापात राहावं काय, या प्रश्नाला पौलाचं उत्तर आहे, कधीच नाही. तीत 2:11-12 प्रमाणे तारण देणारी कृपाच अभक्तीला नाही म्हणायला शिकवते. म्हणून मोह आला की नुसत्या निश्चयावर विसंबू नका. तिथल्या तिथे पवित्र आत्म्याकडे मदत मागा आणि त्या जागेवरून उठा.

झगडा एकट्याने लढू नका, हेही सांगायला हवं. एखादा प्रौढ विश्वासू सोबती निवडा आणि खरं ते सांगा. आणि कोणी तुमच्याकडे असा आला, तर गलती 6:1 प्रमाणे सौम्यतेने घ्या: त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत उपदेश नको, मग दोघं मिळून पश्चात्तापाचं स्तोत्र 51 वाचा.