घर विकलं, पण मीटर अजून तुमच्याच नावावर?

खरेदीखत झालं म्हणून महावितरणच्या बिलावरचं नाव आपोआप बदलेलच असं नाही. नवा मालक बिल थकवतो आणि मेसेज येतो तुमच्या मोबाइलवर. (मला चार महिने येत होते.)

१. चावी देताना मीटरचा फोटो काढा. रीडिंग आणि मीटर नंबर, दोन्ही स्पष्ट दिसले पाहिजेत. जिन्याखाली अंधार असतो, टॉर्च लावा. फोटो तिथेच खरेदीदाराला व्हॉट्सअ‍ॅप करा.
२. तोवरचं बिल भरून टाका.
३. नावबदलाचा अर्ज खरेदीदाराला तुमच्यासमोरच भरायला लावा. ‘नंतर करतो’ म्हणणारा करत नाही.
४. मालमत्ता कर, पाइप गॅस यांचंही तेच.

मीटरच्या सुरक्षा ठेवीचा हिशेब मात्र व्यवहारातच मिटवा. इंडेक्स टूची (खरेदीखताच्या नोंदणीचा सरकारी सारांश) एक प्रत स्वतःकडे ठेवा.