जुनी गाडी दुरुस्त करावी की बदलावी?

दुरुस्तीचा मोठा खर्च समोर आला की तो गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहिला जातो. पण त्याहून उपयोगी तुलना म्हणजे या दुरुस्तीनंतर गाडी आणखी किती महिने बिनघोर चालेल आणि तेवढ्याच काळात दुसऱ्या गाडीचे हप्ते, विमा व घसारा (काळानुसार गाडीची घटणारी किंमत) मिळून किती पैसे जातील, ही होय. क्लच, ब्रेक, बॅटरी, टायर हे झिजणारेच भाग आहेत. त्यांच्यासाठी गाडी काढून टाकण्याचे कारण नाही. मात्र चॅसीला (गाडीच्या मूळ सांगाड्याला) किंवा सस्पेन्शन (चाकांचे धक्के शोषणारी यंत्रणा) जिथे जोडलेले असते त्या पत्र्याला गंज लागून तो स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबताच आत जात असेल, तर इंजिन कितीही चांगले असले तरी त्या गाडीत पैसे घालू नयेत, कारण अपघातात हाच सांगाडा माणसाला वाचवतो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) बाहेर गळताना न दिसताही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधले सील) गेल्याची शक्यता धरून सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे त्यात तयार होणारा दाब, आधी तपासून घ्यावे. अंदाजपत्रक लेखी मागावे आणि होकार देण्यापूर्वी, हे काम ज्याला मिळणार नाही अशा एखाद्या मेकॅनिककडून, गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहून घ्यावी.